गादीवाल्याचा कट

३ मार्च
अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांचं घरी करणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. आज एका नव्या सभासदाचा प्रश्न : आईच्या पाठीला जखम झालीय, कोणती गादी घ्यावी? नाव नाही, फोटो नाही. मागच्या वर्षी एक गादीविक्या असाच घुसला होता, असंच विचारत. यत्र यत्र धूमः, तत्र तत्र वह्निः. काढून टाकला.

४ मार्च, सकाळ
सिस्टरचा फोन. निवृत्त नर्स, ग्रुप यांनीच सुरू केला. मी अ‍ॅडमिन झाल्यापासून शिस्त आली. म्हणतात, अहो, काढण्याआधी विचारायचं तरी होतंत! काय विचारायचं? तो नाहीच म्हणणार. गादीविक्याही नाहीच म्हणाला होता. म्हणजे सिद्धच झालं की! बाईंना तर्कशास्त्राचा गंध नाही.

५ मार्च
हलकट दुसऱ्या नंबरवरून आला! तोच प्रश्न, वर हात जोडलेले. निर्दोष माणूस परत कशाला येईल? हाकलला. एक शिक्षिका विचारते, पुरावा काय? साथीदार. तीही बाहेर. एकाने तिच्या प्रश्नाला नुसता पसंतीचा अंगठा दिला. तोही गेला.
संकल्प : उद्यापासून रागवायचं नाही.

६ मार्च, सकाळ
रागावलो. सिस्टरने तिघांना परत घेतलं! त्यांचंच अ‍ॅडमिनपद काढायला गेलो, तर फोन ऐकेना, ग्रुप सुरू करणाऱ्याचं काढता येत नाही म्हणे. फोनसुद्धा फितूर.

दुपार
मलाच काढलं. मला! कारण विचारलं तर म्हणाल्या, भाऊ, तुमच्याच पद्धतीने काढलं, न विचारता. कृतघ्नपणाची कमाल. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता जरा खाली जा. खालचे नवे भाडेकरू मदतीला हाका मारतायत.

संध्याकाळ
गेलो. एकटा मुलगा, पन्नाशीचा, खाटेवर म्हातारी आई. म्हणाला, काका, जरा खांद्याला धरता का? दर दोन तासांनी कूस बदलायचीय, एकट्याने जमत नाही. आज एका सिस्टरने फोनवर शिकवलं. त्याआधी त्यांच्या ग्रुपवरच्या कुठल्याशा गाढवाने मला दोनदा हाकललं, दिवस फुकट गेले. परवा जखम नाण्याएवढी होती हो.
बघितली. तळहाताएवढी आहे.
तुम्ही आहात का त्या ग्रुपवर, त्याने विचारलं.
नाही म्हणालो. दुपारपासून खरंच नाही, तेव्हा असत्याचा प्रश्नच येत नाही.
आठ वाजता परत बोलावलंय. जातो.