पाठीमागून हाक

दवाखान्यासमोरच्या खोल्या,
४ मे

चि. तुडतुडीस, बिनआवाजी काकाचे अ. उ. आ.

तुझे वय चाळिशीला टेकले तरी मी तुला तुडतुडीच म्हणणार. तू हरकत घ्यायला लागलीस तर उत्तर द्यायला मला पाटी शोधावी लागेल आणि तेवढ्यात तू पळून जाशील, एवढाच आता फरक.

तब्येतीचे म्हणशील तर जखम भरली. स्वरयंत्र गेले ते गेले. डॉक्टरांनी गळ्याला लावायचे एक बॅटरीचे यंत्र दिले होते. त्यातून डबीत अडकलेल्या माशीसारखा आवाज निघतो. ज्या गळ्याने सभा हलवल्या त्या गळ्यातून माशी बोलवायची नाही, म्हणून यंत्र कपाटात ठेवले आहे. फोनवर अंगठ्याने लिहिणे मला जमत नाही आणि जमवायचेही नाही. तेव्हा पत्रे.

प्राचार्यांचे पत्र आले. मुलींच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षकपद त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवले आहे. नव्या हंगामात मी पाटीवर लिहायचे आणि माझी सहायक म्हणून तू ते ओरडून सांगायचे, अशी योजना आहे. जूनअखेर होकार हवा. मला योजना पसंत आहे. मी मैदानाच्या कडेला उभा होतो तोवर आपण हरत नव्हतो. मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेलो आणि पुढचा एकेक सामना हातातून गेला. संघ पायांनी खेळतो हे पुस्तकात ठीक आहे. संघ हुकमावर खेळतो, आणि हुकूम थांबला की पाच मुली म्हणजे नुसती गर्दी.

सुट्टीचा एकही दिवस वाया घालवू नकोस. पायऱ्यांवर धावणे रोज. फ्री थ्रो प्रत्येकीने दमल्यावर मारायचे, ताजेतवाने असताना कोणीही मारते. शिडीने वजने उचलावीत, एवढी उंच पोर बास्केटखाली धक्का बसला की पडद्यासारखी बाजूला होते. चिमणीला डाव्या हाताने बॉल न्यायला लाव. आणि वकीलबाईला सांग, पंचांशी वाद घालून आजवर एकही गुण मिळालेला नाही.

तुझा आवाज बारीक आहे, तो आत्तापासून कमावायला घे. बाकी लोभ तुझ्याकडेच ठेवला आहे, जपून वापर.

तुझा काका

*

बॉलच्या कोठीतून,
१३ मे

ती. काकांस, सा. न. वि. वि., आणि पाटीलाही एक नमस्कार.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. दिवसभर कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर बसते, संध्याकाळी मुलींबरोबर. घरी गेल्यावर एक बूट काढते आणि दुसरा काढायचं राहून जातं. काल तसाच पायात ठेवून जेवले.

हॉलची लाकडी जमीन घासून नव्याने रंगवायचं काम चाललंय. आत धुरळा एवढा की बास्केट दिसत नाही. आम्ही मागच्या सिमेंटच्या पट्ट्यावर खेळतो, तिथे बॉल मनाला येईल तिकडे उडतो. निम्म्या मुलींनी सुट्टीतली कामं धरली आहेत. चिमणी आईच्या शिवणाच्या दुकानात काजं करते, वकीलबाई फोनच्या दुकानात गिऱ्हाइकांना खरं बोलून पळवून लावते, आणि शिडी रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत आहे. सगळ्या येतात त्या दमूनच. दमल्यावर फ्री थ्रो मारायची तुमची अट आपोआप पाळली जाते.

सुधारणा आहे, खोटं सांगत नाही. पायऱ्यांवर आता कोणी ओकत नाही. चिमणीचा डावा हात उजव्याइतका खोडकर झालाय. शिडीला धक्का दिला तर धक्का देणारीच मागे जाते. आणि तरीही आपसात सामना लावला की सगळं मागच्या हंगामासारखंच. बॉल दोघींच्या मधून जातो आणि दोघी एकमेकींकडे पाहतात. समोरची एखादी आपल्या मुलीच्या वाटेत खांबासारखी उभी राहते आणि आपली जाऊन तिच्यावर आदळते. तिच्या पाठीमागची आपलीच मैत्रीण ते सगळं बघत असते, पण तोंडातून शब्द काढत नाही.

या संघात कोणी बोलतच नाही, काका. हे मला आता नीट दिसलं. का बोलत नाही ते शोधते आहे.

काकूला सांगा, तिची आठवण येते. तुमची येते ती कानात येते.

तुमची तुडतुडी

*

खोल्या, १९ मे

चि. तुडतुडीस, अ. उ. आ., जरा कडक.

बोलत नाहीत यात शोधण्यासारखे काय आहे? मीच शिकवले आहे. खेळाडूचे तोंड श्वासासाठी असते. मैदानात पाच जणी पाच मते मांडू लागल्या तर ती सभा होईल, आणि सभा कशा उधळतात हे मी व्यासपीठावरून पुष्कळ पाहिले आहे. पूर्ण मैदान दिसते ते कडेला उभ्या असलेल्याला. त्याने पाहावे, त्याने सांगावे, बाकीच्यांनी विश्वासाने वळावे. यात गुलामगिरी नाही. पाहणारा आणि धावणारा यांच्यातला हा प्रामाणिक करार आहे, आणि तो मी आयुष्यभर पाळला.

तुला दुसरेच काही म्हणायचे आहे. तू लहान असताना काच फोडलीस की आधी हवेबद्दल बोलायचीस. तुझे मागचे पत्र तसे आहे. काच कुठली फुटली ते लिही. माझा गळा कापला आहे, काळीज शाबूत आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे.

आवाज कमावते आहेस ना?

तुझ्या उत्तराकडे डोळे आणि कान लावून बसलेला,
काका

*

कोठीतून, २७ मे

ती. काकांस, सा. न. वि. वि.

फुटलेली काच सांगते. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय, आता फाडायलाही हात उठत नाही.

गेल्या आठवड्यात सरावाची बदललेली वेळ सांगायला शिडीच्या लाँड्रीत गेले होते. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना यंत्रं घरघरताहेत, वाफ, आणि मधल्या अरुंद वाटेतून ओल्या चादरींनी भरलेल्या गाड्या ढकलतात. ढकलणारीला गाडीच्या पलीकडचं दिसत नाही. मी दारातच होते तोवर आतून कोणीतरी ओरडलं, मागे गाडी, डावीकडे हो. असा दणदणीत आवाज की मी दारातल्या दारात डावीकडे झाले. पाहते तर आपली शिडी! दोन वर्षांत जिने माझ्याशी मान हलवूनच संभाषण केलं, ती तिथे सगळ्यांना वाट दाखवत होती.

मी तिला बाहेर बोलावून विचारलं की बाई, हा आवाज संध्याकाळी कुठे ठेवतेस. ती गोंधळली. म्हणाली की इथे सांगायला दुसरं कोणी नसतं, ओरडलं नाही तर कोणाची तरी टाच जाते. आणि मैदानात? मैदानात सर असतात ना, म्हणाली.

सर असतात, काका. तुम्ही त्या खोल्यांमध्ये आहात आणि ती असतात म्हणते.

त्या संध्याकाळी मी खेळाकडे पाहिलंच नाही, त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. अडचण आली की प्रत्येकीची मान एकाच बाजूला वळते. हॉलमध्ये तुम्ही पाण्याच्या टाकीशेजारच्या कोपऱ्यात उभे राहायचा ना, इथे सिमेंटवरही तो कोपरा त्यांनी मनाने धरलाय. तिथे पाहतात, तिथे कोणी नसतं, आणि तेवढ्यात बॉल बास्केटमधून खाली आलेला असतो.

मागचा हंगाम तुमचा आवाज गेला म्हणून हरलो असं सगळे म्हणतात. खरंच आहे. पण त्याचा अर्थ मला आज वेगळा लागतो. अडथळा पाठीमागच्या मुलीला आधी दिसतो, कडेच्या माणसाला नंतर. हाक पाठीमागून यायला हवी. ती आपण कधी येऊच दिली नाही.

म्हणून पाटीवरचं ओरडून सांगायचं काम मी घेणार नाही. माझा आवाज कमावला तर त्या माझ्याकडे माना वळवतील. तुम्हाला नाही म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. बरं वाटत नाहीये.

रागावलात तरी पत्र लिहा. कोरं पाठवलंत तर तेही वाचीन.

तुडतुडी

*

खोल्या, ५ जून

चि. तुडतुडे, तुला काकूचे खूप आशीर्वाद.

हे लिहायला बसत नाहीत म्हणून मी बसले. तुझं पत्र आलं त्या दिवशी ह्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरात कृतघ्न असं लिहून पाटी माझ्यासमोर धरली. मी म्हटलं, मला कशाला दाखवता, मी काय केलंय. मग पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. आता नुसतीच पुसत बसतात, पाटी कोरी असली तरी.

मला विचारशील तर दोघांचंही खरं आहे आणि दोघांचीही मला दया येते. ह्यांच्याजवळ आवाज तेवढा होता. माणसं म्हणायची, बोलावं तर ह्यांनी. आता तू म्हणतेस त्या आवाजानेच घोटाळा केला. कुठे जावं माणसाने?

पण एक गंमत सांगते, पत्र जाळून टाक हो. इतकी वर्षं माझं प्रत्येक वाक्य अर्ध्यावर राहायचं, उरलेलं हे पुरं करायचे. आता माझी वाक्यं शेवटापर्यंत जातात. सुरुवातीला मी मधेच थांबून वाट पाहायचे. कोणी काही बोलेना, तेव्हा कळलं की पुढचं मलाच बोलायचंय. आता सुचायला लागलंय.

त्यांना एकदम मोकळं सोडू नकोस. काही काम दे. नुसतं बसवलंस तर हा माणूस माझ्या डाळीतल्या मिठावर भाषण लिहील.

जेवत जा वेळेवर, बूट काढून.

काकू

*

कोठीतून, ११ जून

ती. काकांस, सा. न. वि. वि.

हॉल उघडला. जमीन अशी चकचकते की मुली पहिल्या दिवशी बूट हातात घेऊन चालत होत्या.

मी एक नवा सराव सुरू केलाय, मुका सराव. प्रशिक्षकाने अवाक्षर काढायचं नाही. काय सांगायचं ते मुलींनी एकमेकींना सांगायचं. कल्पना चांगली आहे आणि मी ती रोज मोडते. तोंड घट्ट मिटून उभी राहते, आणि पहिला चुकीचा पास दिसला की मी ओरडलेली असते. मग सगळ्या माझ्याकडे पाहतात आणि हसतात, आणि आम्ही होतो तिथेच. रक्त तुमचंच, काय करणार. तोंडावर रुमाल बांधून पाहिला. रुमालातूनही ऐकू जातं असं वकीलबाईने पुराव्यासह दाखवून दिलं.

मला असं कोणीतरी हवंय ज्याला खेळ पुरता कळतो, ज्याच्यासमोर कामचुकारपणा करायची कोणाची छाती नाही, आणि जो मनात आणलं तरी एक शब्द बोलू शकत नाही. माझ्या माहितीत असे एकच गृहस्थ आहेत.

थट्टा वाटली तर पत्र फाडून टाका. थट्टा नाही. मी दमलेय, काका. मला तुमच्या आवाजाची नाही, तुमची गरज आहे.

येताना यंत्र आणू नका. पाटीही नको.

तुमची तुडतुडी

*

खोल्या, २९ जून

चि. तुडतुडीस, आता पोटभर अ. उ. आ.

काल हॉलमध्ये तुझ्याशी नीट बोलता आले नाही. पाटीवर तूच बंदी घालून ठेवलीस. म्हणून परत आल्या आल्या लिहायला बसलो. बसने हाडे खिळखिळी केली आहेत, अक्षर सांभाळून घे.

तुझे पत्र वाचून मी आलो त्या पहिल्या दिवशी टाकीशेजारच्या माझ्या कोपऱ्यात तू खुर्ची ठेवलीस तेव्हा मला फार अपमान वाटला होता, हे सांगून टाकतो. त्याहून वाईट म्हणजे मुलींना आनंद झाला. सर आले! आणि सगळ्या माना माझ्याकडे. बॉल गेला की माझ्याकडे, पडल्या की माझ्याकडे. मी बसलो होतो दगडासारखा, पण माझ्या भुवयांवरून त्या काहीतरी वाचू लागल्या. चाळीस वर्षे मी लोकांना डोळे उघडा म्हणून सांगत फिरलो, आणि इथे पाच तरण्या पोरी म्हाताऱ्याच्या भुवया वाचताहेत. तेव्हा मी उठलो आणि खुर्ची फिरवली. भिंतीकडे तोंड, संघाकडे पाठ. तुला वाटले मी रुसलो. काही अंशी रुसलोही होतो.

भिंतीकडे पाहणे फार कंटाळवाणे आहे. पहिले काही दिवस बुटांची करकर आणि बॉलची धपधप, दुसरे काही नाही. मग चिमणीचा आवाज आला, मी घेते, एवढाच. मग वकीलबाई सुरू झाली, तिला एकदा वाट मिळाली की थांबवणे अवघड. हळूहळू मला कळू लागले की कोण कुठे आहे. सिमेंटच्या पट्ट्यावर तुला डोळ्यांनी दिसले ते मला त्या भिंतीवर कानांनी दिसले.

कालचा शेजारच्या कॉलेजशी झालेला सामना मी तसाच ऐकला. पुष्कळ वर्षांत मी एखादा पूर्ण सामना ऐकलेला नव्हता. ऐकू येत असे तो मीच. शेवटाकडे चिमणी डावीकडून बॉल आणणाऱ्या मुलीच्या मागे धावत होती, तिच्या बुटांवरून कळत होते. समोरचीने वाटेत खांब रोवला असणार. सवयीने माझे तोंड उघडले, गळ्यात हवा आली आणि शस्त्रक्रियेच्या भोकातून निघून गेली. त्याच क्षणी पाठीमागून कोणीतरी गरजले. डावीकडे खांब, तू थांब, मी आहे! हॉलच्या छतापर्यंत गेला तो आवाज. चिमणी थांबली, बॉल अडला.

मला तो आवाज ओळखता येईना. सगळ्यांचे आवाज मनात लावून पाहिले, एकही जुळेना. शेवटी नियम मोडून मी वळून पाहिले. शिडी होती. माझ्या हाताखाली दोन वर्षे खेळली ही पोर, आणि तिचा आवाज मला माहीत नव्हता.

एका गुणाने हरलो. वकीलबाई पंचांकडे निघाली होती, तिला चिमणीनेच ओरडून परत बोलावले, तेही ऐकले.

प्राचार्यांना आज उत्तर लिहिले. पाटीची योजना त्यांनी विसरावी आणि प्रशिक्षक म्हणून तुझे नाव घालावे. मला फक्त खुर्ची हवी आहे, भिंतीकडे तोंड केलेली. हे माझे मत आहे, उपकार नव्हेत. मताशिवाय मी आजवर काही केले नाही. पायऱ्या मात्र बंद करायच्या नाहीत. तेवढ्याबाबत माझे म्हणणे कायम आहे.

काकू शेजारी उभी राहून हे वाचते आहे आणि काहीतरी सांगते आहे. तिचे वाक्य लांबलचक आहे. संपेपर्यंत थांबतो.

आता मीही खांबावर आदळायच्या वयाचा झालो आहे, पोरी. दिसले की पाठीमागून हाक देत जा.

तुझा काका