हिरव्या डब्यातील सत्त्व

शके १८३४, श्रावण वद्य पंचमी. युसूफ वडगाव. प्रातःकाळ.

हे वक्रतुंडा, पहिली ओळ तुझीच. तुझ्या कृपेने एकवीस दिवसांचा ज्वर काल उतरला. आता प्रस्तुत विषय.

केजहून हकीमसाहेब आले. दूध, तूप, ताक यांचे चाळीस दिवस परहेज सांगितले आणि म्हणाले, "ताकतीसाठी यखनी पाहिजे." यखनी म्हणजे मांसाचा काढा! मी भिंतीस टेकलो. भयाने नव्हे, अशक्तपणामुळे. ते हसले. "पंडितजी, तुमचा धरम आम्हाला ठाऊक हाय. निव्वळ भाज्यांच्या सत्त्वाची भुकटी हैदराबादेत डब्यात मिळते. गरम पाण्यात ढवळा अन् प्या. फक्त पारखून घ्या. काहींत हाडं असतात."

हे शेवटचे वाक्य त्यांनी जोडे घालता घालता उच्चारले. इतकी भयंकर गोष्ट इतक्या सहजपणे कशी सांगवते?

कुटुंब सत्यभामा म्हणाली, "अहो, हुलग्याचं माडगं करते की, पातळ, पिण्याजोगं. भाजलेलं पीठ हाय, शेवग्याचा वाळला पाला हाय." हुलगे घोड्यांना घालतात. दशोपनिषदे मुखोद्गत असलेल्या देहात घोड्याचे खाद्य? नकार दिला.

संकल्प: भाद्रपद शुद्ध नवमीस मोहनराव देशमुखांकडे भागवत-सप्ताह बसतो. तीस वर्षे पोथी मीच वाचतो. तोवर आवाज परतला नाही, तर ती गेवराईच्या उत्तरेश्वरशास्त्र्यांकडे जाईल. ते नाकाने वाचतात. सबब योग्य भुकटी निर्भयपणे निवडावी.

श्रावण वद्य दशमी.

दुकानदार राधाकिशन याने हैदराबादेहून दोन डबे मागवून दिले. एक तांबडा, एक हिरवा. वरील अक्षरे इंग्रजी. गावात वाचणारा कोणी नाही. तांबड्यावर गाईचे चित्र, हिरव्यावर मिशाळ साहेबाचे.

चित्रावरून अनुमान केले. गाय काढली आहे, त्या अर्थी आत गाय आहे. तांबडा डबा काठीने अंगणाबाहेर ढकलविला. हिरवा शुद्ध ठरला. आमची गुरे राखणारा आश्रुबा हे पाहत होता. म्हणाला, "मंग म्हाराज, ह्या हिरव्यात साहेब घातलाय का?"

अडाणी मनुष्य. परंतु रात्रभर ते वाक्य छातीवर बसून होते.

श्रावण वद्य द्वादशी.

परीक्षा केली. हिरव्या डब्यातील चिमूटभर भुकटी कपिला गाईच्या चाऱ्यावर टाकली. गोमाता अभक्ष्य खाणार नाही, हा सिद्धांत. तिने चाटूनपुसून खाल्ली. परम संतोष. इतक्यात आश्रुबाच्या कुत्र्याने खाली सांडलेली चाटली, आणि त्याने तर शेपटीही हालविली. कुत्र्याला आवडते ते कशाचे असते?

आश्रुबा म्हणाला, "गाय मिठासाठी कायबी चाटती. माजं धोतरबी खाल्लं हुतं."

प्रमाण डळमळले. आज काहीच प्यालो नाही. पायांत गोळे येतात.

श्रावण अमावास्या.

नवीन संकट. नैवेद्य दाखविल्यावाचून आजवर पाणीही प्यालो नाही. मग ही भुकटी बाळकृष्णापुढे ठेवायची? आत हाड असेल तर? न ठेवता प्यालो तर?

तोडगा सुचला. सोवळ्यात, लांब दांडीच्या पळीने भुकटी ढवळून वाटी देवापुढे ठेविली, डोळे घट्ट मिटले आणि संपूर्ण विष्णुसहस्रनाम म्हटले. मगच नैवेद्याचा मंत्र. देवाच्या मुखाकडे पाहवत नव्हते, असे कोणी समजू नये. एकाग्रता.

वाटी प्यालो. चव उत्तम! किंचित आंबटसर, खमंग. माडग्यापेक्षा किती उच्च!

भाद्रपद शुद्ध तृतीया.

रोज सहस्रनाम, रोज वाटी. आज नदीपर्यंत चालत गेलो. आवाजाला धार आली. सत्यभामेस म्हणालो, "निवड म्हणतात ती ही." ती पदर तोंडाशी धरून आत गेली. सद्गदित झाली असावी.

भाद्रपद पौर्णिमा. सायंकाळ.

सप्ताह समाप्त. सात दिवस आवाज खणखणीत. उत्तरेश्वरशास्त्री पहिल्या रांगेत मान खाली घालून ऐकत होते.

इथेच थांबावयास हवे होते. परंतु लोककल्याणार्थ मी व्यासपीठावरूनच हिरवा डबा उंच धरिला व त्याचे माहात्म्य सांगितले. मोहनरावांचे जावई औरंगाबादेस वकील आहेत. त्यांनी डबा हाती घेतला, वाचला आणि हळूच म्हणाले, "शास्त्रीबुवा, यात बैलाच्या हाडांचा अर्क आहे."

पहिली रांग मागे सरकली. उत्तरेश्वरशास्त्र्यांनी "हरि हरि" म्हणत पोथी माझ्यापुढून उचलली. तीस वर्षांचे वाचन, प्रायश्चित्त, वाळीत पडलेले घर, सर्व डोळ्यांपुढे उभे राहिले.

तोच बायकांतून सत्यभामा उठली. "ह्यांच्या पोटात त्यातला कणबी गेला न्हाई. हे डोळे मिटून बसले की पहिल्या नावालाच मी वाटी बदलायची. देवानं अन् ह्यांनी हुलग्याचं माडगं घेतलंय. डब्यातलं आश्रुबाच्या कुत्र्याला."

"तरीच!" मागून आश्रुबा ओरडला. "लई माजलंय ते. परवा लांडग्यावर धावलं!"

मोहनराव हसता हसता आडवे झाले. पोथी उत्तरेश्वरशास्त्र्यांकडून काढून माझ्या मांडीवर ठेवीत म्हणाले, "पुढल्या सालीबी तुमीच. पर प्रसादाला माडगं ठेवू."

घरी येताना सत्यभामेस म्हणालो की चवीवरून मला प्रथमपासून संशय होताच. ती म्हणाली, "व्हय." त्या एका शब्दाचे अधिक भय वाटले.

उद्या सकाळी माडगे. डोळे उघडे ठेवून.

ही वही कोणी वाचू नये. तरी कोणी वाचलीच, तर त्याला निर्मळ अन्न मिळो, गेलेली ताकद परत येवो, आणि त्याचे डोळे मिटलेले असताना वाटी बदलणारे कोणीतरी त्याच्या घरी सदैव असो. शुभं भवतु.