तापाचा पाचवा दिवस

प्रिय दादा,

वहिनी दवाखान्यात आहे, एवढंच तुला फोनवर सांगितलं. पुढचं सांगायला जीभ रेटली नाही.

साथ आल्यापासून कारखान्याच्या फाटकावर मी कामगारांचा ताप मोजते. ताप निघाला की त्या माणसाची शिलाईची अख्खी रांग बंद ठेवायची, असा नियम आहे. सोमवारी वहिनी आली तेव्हा तिचं कपाळ ओलं होतं. नळाचं गार पाणी मारलं की ताप दिसत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

"वन्सं, मोजा ना! मी नवी नवरी असल्यासारखं काय बघताय?" ती हसून म्हणाली.

आणखी एक रांग थांबली असती तर मालक टाळंच लावणार होते. मी यंत्रावर दिसला तोच आकडा लिहिला आणि तिला आत सोडलं. गुरुवारपर्यंत चारही दिवस सोडलं. रांगेत तिच्या शेजारी बसणाऱ्या दोघीही आता अंथरुणाला खिळल्यात.

आज सकाळी तिला श्वास घेता येईना. डॉक्टरांनी विचारलं, "ताप कधीपासून?" धापा टाकत ती म्हणाली, "कालपासून." आणि माझी नोकरी जाऊ नये म्हणून तिनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. मी गप्प बसले, दादा. उपचार त्या एका दिवसाच्या अंदाजानं चाललेत.

तुझी माफी कशी मागावी हे मला अजून सुचत नाही. पण ते सुचेपर्यंत तिला श्वास पुरायचा नाही. डॉक्टर आत्ताच बाहेर आलेत. हा कागद बाकावर ठेवते आणि आज तापाचा पाचवा दिवस आहे, हे त्यांना सांगून येते.

तुझी,
धाकटी