मेजरला एकटं राहायला शिकवलं त्याची हकीगत

पोन्नमपेट,
शुक्रवार, जेवण आटोपल्यावर

माझ्या देचूला अक्काचा पोटभर आशीर्वाद. इग्गुतप्पा देव तुम्हा दोघांना धडधाकट ठेवो. तुझा गुडघा काय म्हणतो? माझे दोन्ही कुरकुरत होते, पण नातीच्या लग्नात नाचायचंय म्हटल्यावर मुकाट्यानं गप्प झालेत. मोण्णप्पांना सांग, कुत्र्याची धास्ती सोडा, मेजरला मी म्हैसूरला तुमच्या घरी आणत नाही. (अख्ख्या कोडगूत कुत्र्याला भिणारा एकच पुरुष, तो नेमका आपल्या घरात जावई म्हणून आला. रागावू नकोस, पसंत तूच केलास.) लग्नाचे दहा दिवस तो कुत्र्यांच्या वसतिगृहात राहील. राहिला तर. नाही राहिला तर नातीचं लग्न मी फोटोतच बघायचं, कारण तो तिथं उपाशी आणि मी लग्नात जेवतेय, हे माझ्यानं व्हायचं नाही.

मेजर मुळात आमच्या सुभेदारांचा, हे तुला ठाऊकच आहे. जन्मभर मेजरांचे हुकूम ऐकले, म्हणून म्हातारपणी पिल्लू आणून त्याचं नाव मेजर ठेवलं आणि रोज सकाळी त्याला अंगणात "बैस!", "ऊठ!" करायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात मी आणि कुत्रा, दोघंच. असं मी समजत होते.

गोणीकोप्पलला हे वसतिगृह चालवणारी पूवम्मा नावाची पोर आहे. ती म्हणाली, "आजी, आधी त्याला एकटं राहायची सवय लावा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं बाहेर जा, मग दहा, मग अर्धा तास. खिडकीतून बघायचं, रडतो का ते." मी म्हटलं, "पोरी, मी चौथीतून पळालेली बाई, मी काय शाळा घेणार?" तर म्हणते, "छडी घेऊ नका म्हणजे झालं!"

पहिल्या दिवशी कुलूप लावलं आणि फणसाच्या बाजूनं वळसा घालून खिडकीला नाक लावलं. मेजर सुभेदारांच्या खुर्चीपाशी जाऊन बसला. रडला नाही. दुसऱ्या दिवशी तो बसला, उठला, परत बसला आणि मग उजवा पंजा उचलून पुढे केला. पंजा हवेत वर-खाली, वर-खाली झाला, देचू. कुणीतरी हातात घेतल्यासारखा. मला वाटलं, एकटेपणानं वेडा झाला बिचारा. तिसऱ्या दिवशी तो घरभर फिरला, पण रमतगमत, अर्धं पाऊल मागे राहून. बोळाच्या वळणावर थांबला. तिथं थांबायला काही नाही गं. तिथं फक्त सुभेदार थांबायचे, दम लागायचा म्हणून.

अंगावर सरसरून काटा आला, खोटं कशाला सांगू. मग राग आला. तीन वर्षं मी भिंतींशी बोलतेय, आणि हे गृहस्थ माझी पाठ वळली की कुत्र्याशी खेळतात! आणि मग इतका आनंद झाला की आत जाऊन डुकराचं कालवण टाकलं आणि दिव्यापाशी त्यांच्या पानावर दुप्पट वाढलं.

पण घोर निराळाच लागला. मेजर एकटा असा कधी राहिलाच नाही. म्हणजे सुभेदारांना बरोबर धाडणं आलं. आज सकाळी दोन दिवस राहून बघायला म्हणून मेजरला न्यायचं होतं. सणाला आपण कारणवरांना, घरच्या पितरांना, नाव घेऊन बोलावतो तशी मी मुठीत तांदूळ घेऊन उंबऱ्यात उभी राहिले, म्हटलं, "सुभेदार, मेजरबरोबर जायचंय. चला." जीपचं मागचं दार उघडं ठेवलं. ड्रायव्हर बिद्दप्पा म्हणतो, "अक्का, कुणाची वाट बघताय?" तेवढ्यात जीप मागून खाली दबली, जड माणूस बसल्यावर दबते तशी. बिद्दप्पानं आरसा फिरवून ठेवला तो गोणीकोप्पलपर्यंत सरळ केला नाही. आणि मेजर? शेपूट वर करून आत गेला, माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. पूवम्मा म्हणाली, "आजी, शिकवावं तर तुम्ही!"

तर लग्नाला मी येते, पुढच्या गुरुवारी. मोण्णप्पांना नमस्कार.

तुझी अक्का,
चोंदम्मा

ता.क. घर फार गप्प आहे. खुर्चीच्या गादीवरचा खळगासुद्धा भरून आलाय. एकटं राहायची सवय मलाच नाही, हे आज कळलं. पाच मिनिटं बसून बघितलं. मग मीच बाहेर जाऊन खिडकीतून आत बघितलं. कुणी नव्हतं.

आणखी ता.क. आता दिवेलागण झालीय. पूवम्माचा फोन येऊन गेला. म्हणाली, "आजी, दुपारपर्यंत गुणी होता. तीन वाजता उठला, कुणाला पोचवायला जावं तसा फाटकापर्यंत गेला आणि तेव्हापासून रस्त्याकडे तोंड करून रडतोय. घेऊन जा बाई." तिथून इथवर, दमेकऱ्याच्या चालीनं, तीन तास. आत्ता माझ्या पाठीमागे खुर्ची करकरली. त्यांच्या विडीचा वास येतोय. मी वळून बघत नाही, बघितलं तर उठून जातील. चाळीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा कुत्र्याच्या आधी माझा नंबर लागला गं!

बिद्दप्पा मेजरला आणायला तयार आहे, पण जाताना मागची सीट रिकामी हवी म्हणतो. तेव्हा गुरुवारी आम्ही तिघं येतो. मेजरचं मोण्णप्पांना आजच सांग, तिसऱ्याचं सांगू नकोस. खिडकीपाशी हातांची खुर्ची मांडून ठेव, आणि काही झालं तरी मोण्णप्पांना तिच्यात बसू देऊ नकोस.