अक्काची गाणी आणि कमी भरलेली फाइल

६ जुलै ९९, धुळे
दुकानदाराने कॅसेटवरून सीडी करून दिली. अक्काची, म्हणजे माझ्या आत्याची, कानबाईच्या सणाची सात गाणी. तिचा गळा गेलाय, बोलते तेवढंच. श्रावणात नरडाण्याच्या पोरींना शिकायला आता हीच. कॉलेजच्या लॅबमध्ये लावली. पहिलं गाणं २० एमबी. ह्याच माणसाने नमुना म्हणून हेच गाणं आधी दिलं होतं, ते २५!

७ जुलै
दुकानात गेले. "मॅडम, फाइल दाबलेली असते. उघडली की जशीच्या तशी, काही जात नाही." मग पाच एमबी गेले कुठे? "एक अक्षर कमी दाखवा." अडाणी समजतो का मला! नऊ वर्षं लॅब असिस्टंट आहे.

८ जुलै
दोन्ही फाइली उघडल्या. उघडूनही लहानमोठ्याच. म्हणजे घोळ दाबण्यात नाही, त्याआधीच झालाय. गाण्यांची वही घेऊन ओळी पडताळल्या. शब्द सगळे आहेत! घड्याळ लावलं. नमुना सव्वाचार मिनिटं, सीडीवरचं तीनहूनही कमी. डोकं फिरलं.

९ जुलै
अक्काच्या मागे म्हणणाऱ्या लीलावहिनीला सोबत म्हणायला बसवलं. नमुन्याबरोबर छान म्हणाली. सीडीबरोबर दुसऱ्याच ओळीला अडली. "मी कव्हय म्हनू? शिराले जागाच नही शे."
असं आहे तर, मध्ये शिरायला जागाच नाही! अक्का ओळ म्हणून थांबते, बाकीच्या बाया तीच ओळ झेलतात. टेप करताना एकटी होती, तरी सवयीने थांबायची. त्या मेल्याने तिचं थांबणंच कापलं.

१० जुलै
कडाकडा भांडले. "रिकामं होतं मॅडम, साफ करून दिलं." वर आभाराची अपेक्षा! कॅसेट मागितली तर म्हणे गुंतली, तुटली, फेकली. दुसरी प्रत नाही, ही माझी अक्कल. पहिलं गाणं नमुन्यामुळे वाचलं. बाकी सहा...

१२ जुलै
गप्प जागा परत घालता येतील. पण केवढ्या? नमुन्यात मोजल्या, कुठे पाच सेकंद, कुठे नऊ. अक्कालाच लॅबमध्ये आणलं. कापलेलं गाणं ऐकून स्पीकरच्या मागे डोकावली.
"बाया कोठे गयात?"
ओळीनंतर किती थांबायचं ते सांग, म्हटलं.
"त्या म्हनी लेतीन तवलोंग."
बरोबर आहे तिचं, त्यांचं म्हणून होईपर्यंत थांबायचं. बायांनाच पुढच्या सोमवारी लॅबमध्ये म्हणायला बोलावलंय, त्यांना लागेल तेवढी जागा ठेवीन. लॅबच्या सरांना अजून विचारलेलं नाही.