भुरी का लाथ मारायची

प्रिय शिवांजली,

आबाचं पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे सुखरूप आहेत.

आपली भुरी तुला ठाऊकच आहे, म्हैस असून गरीब गाय. दिवाळीनंतर मी धारेला बसलो की ती लाथ मारायला लागली. दोनदा बादली लवंडली. मी सव्वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, माझ्यापुढं कुणाचा आडमुठेपणा चालायचा नाही. वेताची काठी काढली. पंधरा दिवस रोज सकाळी मारलं गं तिला. शेवटी ती मुकाट उभी राहायला लागली, आणि आली वळणावर म्हणून मी मिशीवर ताव दिला.

एकदा वरच्या आळीची हरणाबाई शेळ्या घेऊन दारावरून चालली होती. थबकली. भुरीच्या पोटाला हात लावून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "आवं सुभेदार, ही सुधारली न्हाई, हिचा जीव चाललाय. पाय कशी फाकून हुबी हाय बघा. आत कायतरी टोचतंय हिला."

मी हसलो. तरी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोट उघडलं आणि वीतभर गंजकी तार माझ्या तळहातावर ठेवली. वैरणीतून गेलेली. मी तिथंच शेणात बसलो.

भुरी वाचली. पण मी घाम पुसायला हात उचलला तरी ती मान आत ओढायची, डोळे मिटायची. हरणाबाईनं सांगितलं तसं मग रोज दुपारी तिच्याशेजारी बसू लागलो. हात मांडीवर, तोंड बंद. आठ दिवस काहीच उमगलं नाही. पुढं हळूहळू तिचे कान कुठं वळतात, श्वास कुठं अडतो, ते दिसायला लागलं. आणि मग इतरांचंही. तुझ्या आईचा गुडघा दुखतो हे मला परवा कळलं. चार वर्षं दुखतोय म्हणे.

सोमवारी आष्ट्याला तुमच्याकडं आलो होतो. तू चहा आणलास. जावईबापू वीरधवलरावांनी फळीवरचा मोबाईल घ्यायला हात वर केला, आणि तू मान आत ओढलीस. डोळे मिटलेस. क्षणभरच. लगेच म्हणालीस, "साखर पुरे का, आबा?" पोरी, तो चहा मी कसा संपवला, एसटीत कसा बसलो, काही आठवत नाही. कराड आलं तेव्हा कंडक्टरनं हलवून उतरवलं.

दिवाळीत तू अजून चार दिवस राहते म्हणाली होतीस. का, ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. लेक सासरीच शोभते म्हणत मीच तुला गाडीत बसवलं. तुझा फोन सासूबाई स्पीकरवर ठेवायला लावतात, म्हणून हे पत्र तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर. वाचून फाडून टाक. शनिवारी शाळा सुटताना शेजारच्या भाऊसोची जीप घेऊन मी फाटकाशी उभा असेन. सामान नको. तुझे कागद तेवढे पर्समध्ये ठेव. यायचं नसेल तरी फाटकापर्यंत ये. मी हुकूम देणार नाही. तू बोलेपर्यंत थांबेन.

तुझाच,
आबा