हळदीचा पहिला हात

नागपूर

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. माझी काळजी करू नकोस. व्याख्यानं चांगली चालली आहेत, जेवण वेळेवर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे? अंजूरला ट्रकची धूळ अजून तशीच घरात येते का?

काल आयोजकांनी सिनेमाला नेलं. होणाऱ्या व्याह्यांच्या भांडणाच्या त्या विनोदी सिनेमाचा दुसरा भाग. त्यात नवरदेवाची विधवा आई हळदीत दिसू नये म्हणून तिला स्वयंपाकघरात कोंडतात आणि ती आतून भांडी आपटते. सारं थिएटर हसलं. मला हसू आलं नाही.

परवा फोनवर तूच म्हणालीस, "मी आतच बसन गो बाय. व्याही बोलले, विधवेचा हात नको. प्रितमचा लगीन मोडाला नको. तू भाषण ठोकू नको." प्रितमला विचारलं, तर म्हणतो, "ताई, एका दिवसाचा तर प्रश्न हाय." बाबा गेल्यावर धामणकर नाक्यावर भाजी विकून ज्या हातांनी त्याला वाढवलं, ते एका दिवसापुरते अशुभ कसे होतात?

मी भाषण करणार नाही. पण बहीण म्हणून हळदीचा पहिला हात माझा ठरवला आहे, तो मी लावणार नाही. तू आत बसलीस, तर मीही तुझ्या शेजारी आत बसेन.

लग्न मोडलं, तर प्रितम जन्मभर माझ्याशी बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी हळद कालवलीस की पहिली बोटं तुझीच बुडव.

तुझ्याच हातांनी वाढलेली,
मनाली